केराबाईचा गुंडा

केराबाईला कुणी नाव विचारलं की ती सांगायची, "केराबाई. केरातली." त्यात तिला कसली लाज नव्हती.

ती सांगोल्याच्या अंगाची. माण नदीकाठच्या एका वाडीत जन्मली. तिच्या आईची आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. ही झाली तशी सुइणीनं नाळ कापली, पोर सुपात घातली आणि उकिरड्यावर नेऊन ठेवली. ठरल्याप्रमाणं शेजारीण तिकडून आली आणि म्हणाली, "अगं बया, हितं कुणाची पोर पडलीया?" तिनं पोर उचलली आणि आणून आईच्या ओटीत टाकली. म्हणजे आता पोर तिची नव्हं, उकिरड्यावर सापडलेली. जे आईचं न्हाय ते काळ आईकडनं नेणार कसं?

शहाण्या माणसांना या रितीचं हसू येतं. येऊ द्या. ज्यांची पोरं पाळण्यात मेली नाहीत त्यांनी खुशाल हसावं. दगडू, धोंडू, केरू, उकिरडा ही नावं आमच्या लोकांना दुसरी सुचत नव्हती म्हणून ठेवलेली न्हाईत. लेकराच्या गालाला काजळाची तीट लावतात ना, तशी ही नावाला लावलेली तीट.

केराबाई लग्न होऊन सिद्धनाथाच्या घरी आली. घर कसलं, मेंढरामागं फिरतं बिऱ्हाड. पहिला ल्योक झाला, त्याचं नाव शाळेच्या मास्तरांना विचारून यशवंत ठेवलं. चार महिन्यांत गेला. दुसरा सर्जेराव. तो रांगायला लागला आणि गेला. तिसऱ्याच्या बारशाला सासू फुलाबाई कुणाला न विचारता ओढ्यात उतरली आणि एक गुळगुळीत गुंडा घेऊन आली. आमच्या बोलीत गुंडा म्हणजे वाटोळा दगड, मुठीत मावंल असा. म्हातारीनं तो धुतला, हळद लावली, पाळण्यात निजवला. आधी दगडाला झोका दिला, दगडाच्या कानात नाव सांगितलं, आणि मग पोराला त्याच्या कुशीला ठेवलं.

"आता काळ आला तर दगूड चापसून माघारी जाईल," म्हातारी म्हणाली.

पोरगं जगलं. गुंडाच नाव राहिलं. तो दगड केराबाईनं फडक्यात बांधून जपला. पुढं रोगानं मेंढरं मेली, तापानं सिद्धनाथ गेला, आणि मायलेकरं पोटामागं सोलापुरात आली. तेव्हा तिच्या डोक्यावरच्या गाठोड्यात एक तवा, एक घोंगडं आणि तो दगड होता. पोराच्या गळ्यात बापाचा ढोल.

भवानी पेठेतल्या एका बोळात त्यांनी खोली घेतली. शेजारीण बसव्वा, अक्कलकोटाकडची, घरात कानडी आणि दारात मोडकीतोडकी मराठी बोलणारी. केराबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागली. गुंडा मोठा झाला तसा तोही गिरणीत शिरला. विशीला आला तेव्हा त्याला रातपाळीचा माग मिळाला. दिवसभर तो घोंगडं तोंडावर ओढून झोपायचा. फक्त सुट्टीच्या दिवशी दुपारी उठून ढोल काढायचा.

बोळाच्या तोंडाशी एक मोकळी पट्टी होती. तिथं तो ढोल वाजवायचा आणि बोळातली पंधरावीस पोरं हातात रंगीत फडकी घेऊन त्याच्याभोवती गोल धरायची. धनगराचा गजी नाच हा, माणदेशी. पण नाचणाऱ्यांत धनगर म्हणाल तर एक गुंडाच. बाकी कुणी तेलुगू विणकराचं, कुणी कानडी, कुणी दखनीत शिव्या देणारं. ढोलाचा ठेका चुकला की गुंडा टिपरू, म्हणजे ढोल बडवायची काठी, उगारायचा, आणि पोरं पुन्हा पहिल्यापासून पाय टाकायची. त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं. समाजसेवा हा शब्द त्यानं ऐकलासुद्धा नव्हता. एकट्यानं ढोल वाजवायला बरं वाटत नाही, एवढंच.

शहर इंग्रजांवर उठलं म्हणून तीस साली मार्शल लॉ लागला होता, त्याला तीन वर्षं झाली होती. शहर वरून निवांत दिसायचं. पण चार तरुण पोरं कोपऱ्यावर उभी दिसली की बड्या लोकांच्या माडीवरच्या खिडक्या लागायच्या. अशात काही प्रतिष्ठित मंडळी एकत्र आली आणि त्यांनी 'तरुण वर्तन सुधार कमिटी' काढली. अध्यक्ष झाले धोंडोपंत वकील. शाळेची एक खोली मिळाली, एक कारकून मिळाला, शिक्का करून आणला.

आता पोरं बिघडतात ती कशानं, याचा विचार करायला काय लागतं? आमच्या बोळात येऊन एक दिवस बसायचं. शंभर घरांत एक नळ. आईबाप दोघं गिरणीत. शाळेत बसायला जागा न्हाय, आणि खेळायला ती एक पट्टी. हे दिसायला वकिली शिकावी लागत न्हाय. पण कमिटीनं पहिल्याच बैठकीत ठराव केला तो असा, की पेठेतल्या गुंडांची यादी करावी. दुखणं बघायच्या आधी दुखणाऱ्यांची गणती.

कारकून पुण्याकडचा, नवा. वही घेऊन तो दुपारी बोळात आला तेव्हा नळावर बसव्वा एकटीच घागर लावून बसली होती.

"बाई, या बोळात गुंड किती?" त्यानं विचारलं.

बसव्वानं कान टवकारले. "गुंडा? ओब्बने."

"म्हणजे?"

"येकच हाय री, साहेब. दुसरा कुटला?"

"कोण तो?"

"केराक्काचा की. त्यो बगा, दार लावून झोपलाय."

कारकुनानं वहीत बघत विचारलं, "दिवसाढवळ्या झोपतो?"

"हौद री, व्हय. रातभर भाईर असतो न्हवं."

"बरोबर कुणी असतात?"

"लई पोरं. सुट्टीच्या दिशी ह्यो ठोकतो आन् ती नाचत्यात."

"कशानं ठोकतो?"

"टिपरूनं," बसव्वा म्हणाली आणि भरलेली घागर उचलून गेली. तिला वाटलं, गिरणीचा माणूस पोराची चौकशी करून गेला, बरं झालं, पगारात वाढ मिळंल.

कारकुनानं वहीत लिहिलं: केराबाईचा मुलगा, बोळातील एकमेव गुंड. दिवसा झोपतो, रात्रभर बाहेर असतो. पोरं जमवून टिपरूनं ठोकतो, आणि ती त्याच्या तालावर नाचतात.

एक काना सोडला तर एका अक्षराचीही खोटी नोंद नव्हती त्यात. म्हणून तर राग येतो. खोटं लिहिलं असतं तर खोडता आलं असतं. आणि बोळात खरोखरच दुसरं कुणी यादीत घालण्याजोगं नव्हतं, ही गोष्ट त्या वहीनंच सांगितली होती. पण ती कुणाला वाचता आली न्हाय.

आठ दिवसांनी नोटीस आली. यादीतल्या इसमांनी रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता कमिटीच्या खोलीवर खुशीनं हजेरी द्यावी. न दिल्यास नाव पोलीस चावडीवर कळवलं जाईल. वर खुशीनं, खाली चावडी. मेंढराला खाटकाच्या दारात सोडून, मर्जी असंल तर आत जा म्हणायचं, त्यातली ही खुशी.

यादीची एक नक्कल गिरणीतही गेली. गुंडा रातपाळीला गेला तर मानसिंग जॉबर दारातच उभा. माग चालवणाऱ्यांवर देखरेख ह्या मानसिंगाची, माणूस तसा वाईट न्हवता.

"गुंडा, आत जाऊ नगंस."

"का, नाना?"

"यादीत हायस म्हनं."

"आवं, ते माजं नाव हाय."

"मग यादीत नाव न्हाय तर दुसरं काय असतंय? हे बग, वरनं सांगितलंय, यादीतलं मानूस ठिवायचं न्हाय. पंधरा दिस तुजी जागा राखतो. नाव काढून आन."

मायलेकरं दुसऱ्या दिवशी कारकुनाकडं गेली. केराबाईनं सगळं समजावून सांगितलं, दोनदा. तिसऱ्यांदा कारकुनाला उमगलं. त्याचं तोंड उतरलं, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"पण बाई, आता ठराव झाला," तो म्हणाला. "एक करा. सोपं आहे. मुलाचं नाव बदला. गुणाजी ठेवा, गुणवंत ठेवा. अर्ज द्या, मी लिहून देतो. गुंडा नावाचा माणूसच राहिला नाही की नोंद आपोआप पडली."

घरी येताना गुंडा म्हणाला, "आये, बदलू की. नाव काय पोटाला घालतं व्हय? गुणाजी म्हनलं म्हनून माजा हात काय थोटा व्हनार न्हाय."

"आन् त्यो मागं वळून बगंल, त्याचं काय?"

"कोन मागं वळतोय?"

"ज्यो यशवंताला घिऊन गेला त्यो. सर्जेरावाला घिऊन गेला त्यो." केराबाई थांबली न्हाय, चालता चालताच बोलत होती. "तुला वीस वरसं दगूड समजून सोडलाय त्यानं. आता तू गुणवंत व्हतूस. मग इचारंल, ह्यो कवा आला, ह्यो तर माज्या वहीत ऱ्हायलाच हुता."

"आगं, वही कमिटीची हाय, यमाची न्हवं."

"त्याची बी वहीच असती की."

गुंडा हसला. पण नाव बदलायचं त्यानं पुन्हा काढलं न्हाय. रोज सकाळ-संध्याकाळ तो हजेरीला जायचा, बाकावर बसून अंगठा द्यायचा. त्याच्याबरोबर बाकावर पत्ते कुटणारे होते, पाकीटमार होते, एक गिरणीतल्या सुताच्या कांड्या चोरणारा होता. गुंडानं आजवर ज्यांचं तोंड बघितलं नव्हतं, त्यांच्याशी कमिटीनं त्याची नीट ओळख करून दिली. आणि इकडं ढोल खुंटीला. यादीतला माणूस पोरं जमवतोय असं कुणी बघितलं म्हणजे? पट्टीवर पोरं एकदोन सुट्ट्या वाट बघत बसली, मग पांगली.

पंधरातले बारा दिवस गेले. रविवारी कमिटीची बैठक भरली. केराबाईनं कोनाड्यातलं फडकं काढलं, कनवटीला खोचलं आणि गेली. बसव्वा बरोबर निघाली होती, तिला म्हणाली, "तू ऱ्हा. तू बोलली की अजून चार नावं वाढत्याल."

खोलीत सहाजण बसले होते. मधल्या खुर्चीत धोंडोपंत, पगडी टेबलावर काढून ठेवलेली. त्यांना वाटलं, बाई मदत मागायला आली.

"काय पाहिजे, बाई?"

केराबाईनं फडकं सोडलं आणि दगड टेबलावर पगडीशेजारी ठेवला.

"ह्यो गुंडा," ती म्हणाली. "ह्येची हजेरी घ्या. माज्या ल्योकाला कामावर जाऊ द्या."

एकजण हसला. कारकुनानं पुढं होऊन हळू आवाजात सगळा घोळ सांगितला. धोंडोपंतांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मग बाई, यांनी सांगितलं तसं नाव बदलत का नाही? नाव काय, आपण ठेवू ते."

"वकीलसाब, तुमचं नाव धोंडोपंतच न्हवं?"

"हो."

"पंत मागनं लागला. बारशाला काय ठिवलं हुतं?"

धोंडोपंतांनी टेबलावरची पगडी अलीकडं ओढली.

"धोंडाच की," केराबाई म्हणाली. "धोंडा थोरला, गुंडा धाकला. एकाच वढ्यातलं. तुमी खुर्चीवर आन् माजं पोरगं बाकावर, आसं कसं झालं ते तेवढं सांगा."

हसणारा आता खाली बघत होता. धोंडोपंतांनी दगडाकडं हात नेला, बोट लावलं आणि हात माघारी घेतला.

"माझ्या आधी तिघं गेली होती," ते म्हणाले. बाईला म्हणाले की स्वतःला, कळलं न्हाय.

"मग तुमी बदललं का नाव?"

"नाही."

"का?"

धोंडोपंत कारकुनाकडं वळले आणि म्हणाले, "नाव काढा."

गोष्ट इथं संपायला पाहिजे होती. माणसामाणसातली असती तर संपलीही असती. पण कारकून वही घेऊन तसाच उभा.

"काढतो साहेब. पण कारण लिहावं लागेल. ठरावात तीनच कारणं आहेत. मयत, गाव सोडलं, किंवा सुधारला."

"चुकून घातलं असं लिहा."

"तसा रकाना नाही, साहेब."

धोंडोपंतांनी बाकी पाचजणांकडं बघितलं. कुणी म्हणालं, रकाना वाढवायचा तर ठराव बदलावा लागंल, ठराव बदलायचा तर पुढच्या महिन्याची सभा. कुणी म्हणालं, यादी चुकते असं एकदा लिहून दिलं की उद्या सगळेच येतील दगड घेऊन. पंधरातले तीन दिवस उरले होते.

"मयत लिवलंस तर हात तोडीन," केराबाई म्हणाली.

"गाव तर सोडलं नाही," कारकून म्हणाला.

धोंडोपंत भिंतीकडं बघत म्हणाले, "सुधारला लिहा."

आपलं चुकलं हे लिहायला त्यांच्याजवळ जागा न्हवती. पोराचं चुकलं हे लिहायला होती. केराबाईनं दगड फडक्यात बांधला. तिला वाचता येत न्हवतं. काम झालं एवढंच तिला कळलं. जाताना तिनं वकिलाला हातसुद्धा जोडले, ते मला अजून सोसत न्हाय.

गुंडा कमिटीनं शिक्का मारून दिलेला कागद घेऊन मानसिंगाकडं गेला. मानसिंगानं तो वाचून घेतला, घडी घालून परत दिला.

"सुधारला आसं लिवलंय."

"व्हय, नाना. नाव काढलं."

"सुधारला म्हंजी आदी बिगडल्याला हुता की. मी काय सांगू वर? यादीत होतास तवर मला म्हनता येत हुतं, चुकून पडलंय नाव. आता त्यांनीच शिक्का मारलाय. गुंड हुता, बरा झाला. बरं झाल्यालं मानूस कवा उलटंल, ह्येचा भरवसा कोन देनार?"

"मग कागूद फाडू?"

"फाडून काय उपेग? माज्याकडं बी एक आलाय."

गुंडानं भांडण केलं न्हाय. केलं असतं तर मानसिंग म्हणाला असता, बघा. हेच त्या कागदाचं बळ. गप्प राहिलं तर सुधारला, तोंड उघडलं तर उलटला. महिनाभर तो दुसऱ्या गिरण्यांच्या दारांत उभा राहिला. सगळीकडं यादीची नक्कल आधी पोचलेली होती. शेवटी तो दुधनीच्या बाजारात पोती उचलायला गेला, आणि मग माघारी माणकाठी, दुसऱ्याच्या मेंढरामागं. जाताना त्यानं ढोल गळ्यात घातला. ज्या रस्त्यानं आला होता त्याच रस्त्यानं गेला, तेव्हा बाप मेला होता म्हणून आला, आता सुधारला म्हणून गेला.

केराबाई त्याच्याबरोबर गेली न्हाय. गिरणीतली तिची जागा होती, ती सोडली तर दोघांनाही पोट न्हवतं. दगड तिनं पोराच्या गाठोड्यात बांधून दिला.

"आये, ह्येला कशाला वजन?"

"ऱ्हाऊ दे. यमाला जे वीस वरसं गावलं न्हाय ते ह्या लोकांला एका दुपारी गावलं. त्यांच्यापेक्षा त्योच बरा. त्येला फसवता तरी येतं."

बोळाच्या तोंडाची पट्टी तशीच पडून होती. नाचणारी पोरं आता तिथं पत्ते घेऊन बसायची. हजेरीच्या बाकावरचा तो कांड्याचोर अधूनमधून येऊन त्यांच्यात बसायचा. पावसाळा संपता संपता त्यातली दोन पोरं सुताच्या कांड्या चोरताना धरली गेली. दोन्ही गुंडाच्या ढोलावर पाय टाकणारी. एक तर इतकं ल्हान होतं की फडकं त्याच्या हातात मावायचं न्हाय.

वर्षअखेरीस कमिटीनं अहवाल छापला. मराठी शिकलेल्या एका पोरानं तो नळावर वाचून दाखवला. यादीतील इसम सत्तावीस, नवे दाखल दोन, सुधारलेले एक. कमिटीच्या अविरत प्रयत्नांस आलेलं हे पहिलं फळ होय, असं त्यात म्हटलं होतं. फळ त्या वेळी माणकाठी उन्हात दुसऱ्याची मेंढरं वळत होतं.

"माजा गुंडा छापून आला म्हनायचा," केराबाई म्हणाली आणि घागर सरळ केली.

पुढच्या उन्हाळ्यात कारकून नव्या यादीसाठी पुन्हा बोळात आला. दुपार, नळ, आणि नळावर बसव्वा. तो आता नवा राहिला न्हवता. पण विचारायची रीत तीच.

"काय बाई, या बोळात गुंड किती?"

बसव्वानं घागर भरू दिली. वरून पाणी सांडायला लागलं तरी ती त्याच्याकडं बघतच होती.

"ओब्बने," ती म्हणाली. "येकच. हितं नळावर वही घिऊन हुबा हाय. लिवा."

कारकुनानं ते लिहिलं का न्हाय, ठावं न्हाय.